नवी जात की नुसते नवे नाव?

नगर-मनमाड रस्त्यावरच्या नागापूरहून नेवासे-शेवगावच्या बाजूला गेले, की जायकवाडीचा नाथसागर लागतो. तेथे पाणकावळे, राखी बगळे, ढोकरी दिवसभर मासे टिपत असतात. माशाबरोबर त्यांच्या पोटात कधी कधी पट्टकृमीची अळीही जाते. आतड्यात ती प्रौढ होते. अंडी विष्ठेवाटे पाण्यात पडतात, सायक्लॉप्ससारखे सूक्ष्म जीव ती गिळतात, त्या जीवांना मासे खातात आणि चक्र पुरे होते.

या कृमींना नावे कशी दिली जातात, हा आमच्या चर्चेचा विषय आहे. साउथवेल यांनी १९३० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत पट्टकृमींवर दोन खंड लिहिले. पुढे मराठवाडा विद्यापीठात डॉ. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मासे, कोंबड्या, पक्षी यांच्यातील अनेक जाती वर्णिल्या. साधा सूक्ष्मदर्शक, कार्माइनचा रंग आणि हाताने काढलेल्या आकृत्या एवढ्या साधनांवर हे काम उभे राहिले. कोणता कृमी, कोणत्या प्राण्यात, कोणत्या गावी मिळाला याची नोंद त्यामुळे झाली. तिचे मोल आम्ही कमी मानत नाही.

पण या परंपरेत एक सवय रुजली. यजमान नवा किंवा गाव नवे, चार मापे वेगळी, की जात नवी! मापे मात्र फसवी असतात. काचपट्ट्यांमध्ये दाबलेला कृमी रुंद होतो, थंड द्रावणात हळूहळू मेलेला आकसतो. वृषणांची संख्या एकाच कृमीच्या दोन खंडांतही सारखी नसते. मग एकदोन नमुन्यांवरून काढलेला फरक जातीचा की नमुना टिकवण्याच्या पद्धतीचा, हे ठरवायचे कसे?

याचे उत्तर २०१२ साली एका उदाहरणातून मिळाले. मिशाळ माशांतील गँजेसिया या प्रजातीचा भारतीय व युरोपीय संशोधकांनी मिळून फेरआढावा घेतला. मूळ नमुने तपासले, नवे गोळा केले, डीएनएची जोड दिली. बहुतेक भारतातून वर्णिलेल्या ४८ नावांपैकी इंडो-मलाया प्रदेशात खऱ्या जाती चारच उरल्या. विविधतेची मोजदाद या नावांवरूनच होत असल्याने ही चूक साधी नाही. पाण्यात चार जाती असताना आपण अठ्ठेचाळीस धरल्या, तर त्यावर रचलेले सगळे निष्कर्षही चुकतात.

मत्स्याहारी पक्ष्यांतील कृमींनाही हीच कसोटी लावायला हवी. तेथे एक सोय आहे. पाणकावळ्यातील पॅराडायलेपिस, बगळ्यातील व्हॅलिपोरा अशा कृमींच्या डोक्यावर कठीण आकड्यांची दोन वर्तुळे असतात. आकडे बहुधा वीस, एका वर्तुळात लांब तर दुसऱ्यात आखूड. ते दाबाने पसरत नाहीत, आणि माशातील अळीत व पक्ष्यातील प्रौढात सारखेच असतात. म्हणून माशाच्या पित्ताशयातल्या वा यकृतातल्या अळीवरून प्रौढ कृमीची ओळख पटू शकते. हे कृमी पूर्वी डायलेपिडिडी कुलात मोडत. १९७३ साली त्यांच्यासाठी ग्रिपोरिंकिडी हे वेगळे कुल सुचवले गेले आणि पुढे डीएनएच्या अभ्यासाने त्याला आधार दिला. मात्र मेलेल्या पक्ष्यात कृमी कुजू लागला, की आकडे गळतात. आकड्यांशिवाय केलेले वर्णन आम्हाला अपुरे वाटते.

नियमही आता कडक आहेत. २००० सालापासून लागू असलेल्या प्राणिनामकरण संहितेनुसार नव्या जातीचा मूळ नमुना निश्चित केल्याशिवाय नाव ग्राह्य ठरत नाही, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे वा ठेवला जाईल हेही सांगावे लागते. कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेसारख्या ठिकाणी तो असेल, तर उद्याचा अभ्यासक वर्णन पडताळू शकेल. प्रयोगशाळेच्या कपाटात हरवला, तर वाद कायमचा.

आता पक्षी मारून अभ्यास करण्याचे दिवस गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. शिक्षकांना मात्र बाजारातला मासा पुरेसा आहे. त्याचे पित्ताशय व आतडे हातमोजे घालून उघडावे, अळी मिळाल्यास सूक्ष्मदर्शकाखाली तिचे आकडे मोजावेत, आकृती काढावी आणि मासा, गाव व तारीख लिहावी. एकच अळी दोन विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे मोजायला द्यावी. दोघांच्या आकड्यांत पडलेला फरक पाहिला, की नवी जात जाहीर करण्याआधी किती थांबावे लागते, हे त्यांना कळेल. नागापूरच्या शाळेतही हा प्रयोग होऊ शकतो.