‘चालीचं जनुक’ सापडलं, पण घोड्याची जात कोणी घडवली?

गेल्या वर्षी आमच्या जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर मांडला आणि शेवटच्या स्लाइडवर झोकात लिहिलं, ‘घोड्याची चाल एका जनुकावर ठरते.’ एका सीनियरने शांतपणे विचारलं, “हे पेपरमध्ये कुठे म्हटलंय?” मी पानं चाळत बसले. तसं कुठेच नव्हतं. आज त्याच पेपरबद्दल लिहिते आहे, कारण ही चूक तुमच्याकडूनही होऊ शकते.

पेपर २०१२ सालचा, ‘नेचर’मधला, लिसा अँडरसन आणि सहकाऱ्यांचा. आइसलँडच्या घोड्यांपैकी काहींना चार चाली येतात, काहींना पाचवीही येते. या पाचव्या चालीत एकाच बाजूचे पुढचा आणि मागचा पाय एकदम पडतात. आपल्या ओळखीच्या दुडकीत मात्र तिरप्या जोडीने पडतात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा. संशोधकांनी अशा ७० घोड्यांचे जनुकीय नमुने तपासले. फरक सापडला २३व्या गुणसूत्रावरच्या डीएमआरटी३ या जनुकात. तिथे एक अक्षर बदललं की प्रथिन अपुरंच तयार होतं.

पेपरचं बळ दोन गोष्टींत आहे. एक, तुलना एकाच जातीच्या आत केली आहे. दोन वेगळ्या जाती घेतल्या असत्या तर उंची, रंग, वंश असे शेकडो फरक मध्ये आले असते. दोन, नुसत्या सहसंबंधावर न थांबता लेखक उंदरांकडे वळले. हे जनुक मज्जारज्जूतल्या काही चेतापेशींमध्ये काम करतं आणि ते बंद केलं की उंदरांच्या पायांचा ताळमेळ बिघडतो, हे त्यांनी दाखवलं.

आता उणी बाजू. ‘पाच चालींचा’ हा शिक्का माणूस मारतो. पाचवी चाल कधी शिकवलीच नसेल, तर तो घोडा चार चालींच्या गटात जाणार. बदललेल्या दोन्ही प्रती असूनही चार चालींचे म्हणून नोंदलेले घोडे या अभ्यासात आहेतच. म्हणूनच लेखकांनी जपून शब्द वापरला आहे : हा बदल वेगळ्या चालीला मुभा देतो. ‘ठरवतो’ हा शब्द माझा होता.

खरी परीक्षा अमेरिकेच्या स्टँडर्डब्रेड घोड्यांपाशी होते. ही जात हलक्या गाडीच्या शर्यतीसाठी घडवली. १८७९ मध्ये तिच्या नोंदणीसाठी मानक ठरलं : एक मैल, २ मिनिटं ३० सेकंद. म्हणजे रंग-रूपाआधी घड्याळाने जात ठरवली! या शर्यतीत घोड्याने चौखूर उधळून चालत नाही, आणि हा बदल नेमका चौखूर धावेकडे वळणं रोखतो. चौखूर धावणाऱ्या थरोब्रेडमध्ये तो सापडला नाही. इथपर्यंत गोष्ट छान जुळते.

पण स्टँडर्डब्रेडमध्ये दोन गट आहेत : दुडकीने धावणारे आणि एका बाजूचे पाय जोडीने टाकणारे. बदल दोन्ही गटांत आहे. मग त्यांच्यातला फरक कशाने आला? या जनुकाने नक्कीच नाही. इतर जनुकं, पिढ्यान्‌पिढ्यांची निवड आणि शिकवणूक, असं सगळं त्यात आलं. मथळ्यांमध्ये गळतं ते हेच.

इतिहासाचंही तसंच. २०१६ मध्ये ९० प्राचीन घोड्यांच्या डीएनएवरून मांडलं गेलं की हा बदल मध्ययुगीन इंग्लंडमध्ये उगम पावला आणि व्हायकिंगांनी तो आइसलँडला नेला. कल्पना पटण्यासारखी आहे; आइसलँडच्या जुन्या नमुन्यांत तो भरपूर सापडला. पण इंग्लंडचा पुरावा यॉर्कमधल्या दोन घोड्यांचा आहे, इसवी सन ८५० ते ९०० मधल्या. दोनच! पुढचं हाड कुठे सापडतं त्यावर उगमाचं ठिकाण बदलू शकतं.

तेव्हा पेपर वाचताना क्रियापदाखाली रेघ मारा : ‘ठरवतं’, ‘मुभा देतं’ की ‘संबंध दिसतो’? मग स्वतःच्या सारांशातलं क्रियापद त्याच्याशेजारी ठेवून पाहा. मी ती स्लाइड बदलली. जुनीही जपून ठेवली आहे. नवा पेपर मांडण्याआधी एकदा उघडते.