राख : प्रतिमा आणि वास्तव

दलित कवितेत राख पुष्कळ आहे. जाळलेल्या झोपडीची आहे, चितेची आहे, राखेतून उठणाऱ्या माणसाचीही आहे. ती आम्ही भोगलेली आहे. तिच्या सच्चेपणाविषयी मला शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. औष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडणारी राख आमच्या लेखनात जवळजवळ नाही.

आपल्याकडच्या शंभर किलो कोळशामागे साधारण तीस ते चाळीस किलो राख उरते. तीत आर्सेनिक, पारा, शिसे असते. मंथन अध्ययन केंद्र आणि नागपूरचे सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट यांनी २०२१ साली कोराडी-खापरखेडा परिसराचा अभ्यास मांडला. तिथल्या पाण्यात असे विषारी धातू आढळले. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला.

हे दूरचे म्हणून पेण-रोह्याच्या आम्ही लोकांनी गप्प बसावे काय? आमच्या शेजारी, अलिबाग तालुक्यात, शहापूर-धेरंडच्या शेतकऱ्यांनी श्रमिक मुक्ती दलाबरोबर औष्णिक प्रकल्पाला नकार दिला. तो प्रकल्प उभा राहिला नाही. याच तालुक्यात १९३३ साली चरीचा संप सुरू झाला होता आणि बाबासाहेब त्या कुळांच्या पाठीशी उभे राहिले होते.

पण जमीन असणाराला नकार देता येतो. भूमिहीन कातकऱ्याने काय करावे? मी शिक्षक आहे. दिवाळी सरली की माझ्या पटावर कातकरी मुलांची नावे राहतात, मुले आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असतात. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्रांच्या आसपासच्या विटांत राख मिसळणे सक्तीचे केले. २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला. कागदोपत्री राखेची विल्हेवाट लागते. ती कोणाच्या हातांनी कालवली, कोणाच्या छातीत गेली, हा रकाना त्या हिशेबात नाही.

संघटना पाण्याचे नमुने तपासतात, ते आवश्यकच आहे. हा रकाना मात्र आपल्या लेखकांनी भरायचा आहे. प्रतिमेतली राख झटकून भट्टीवर जाऊन बसल्याशिवाय तो भरता येणार नाही.

याच जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी आम्ही पाण्याला हात लावला. पाणी खुले आहे, पण पिण्याजोगे नाही, असे झाले तर तो हक्क आमच्या हातात उरला कुठे?