‘पॅच लागला’ म्हणजे नेमकं काय?

सॉफ्टवेअर अपडेटवरचे पेपर वाचताना एक मोजमाप हमखास भेटतं: पॅच आल्यापासून तो लागेपर्यंतचे दिवस. माझ्याही पहिल्या प्रपोजलमध्ये तेच होतं. एका लॅपटॉपसाठी ते ठीक आहे. शेअरपॉइंटसारख्या अनेक सर्व्हरच्या फार्मला मात्र ते पुरत नाही.

तिथे काम दोन टप्प्यांत होतं. आधी प्रत्येक सर्व्हरवर नव्या फाइल्स टाकायच्या, मग कॉन्फिगरेशन विझार्ड चालवून डेटाबेस अपग्रेड करायचे. मधल्या काळात जुने डेटाबेस नव्या फाइल्सबरोबर चालू राहतात. वापरणाऱ्याला काही जाणवत नाही, त्यामुळे दुसरा टप्पा राहूनही जातो. मग तारीख कोणती धरायची?

जुलै २०२५ च्या ‘टूलशेल’ हल्ल्यांनी तर तिसरी तारीख पुढे आणली. हल्लेखोरांनी सर्व्हरच्या मशीन की चोरल्या, आणि चोरलेली की नुसत्या पॅचने बाद होत नाही. म्हणूनच मायक्रोसॉफ्टने की बदलून सगळ्या सर्व्हरवर आयआयएस रीस्टार्ट करायला सांगितलं.

तेव्हा डेटा गोळा करताना तीन रकाने ठेवा: फाइल्स, डेटाबेस, की. एकच आकडा मोजायला सोपा, पण तो इन्स्टॉलेशन मोजतो, सुरक्षितता नाही.