१६० जीनोम आणि एक सुंदर चित्र : एका गाजलेल्या पेपरचं वाचन

फायलोजेनेटिक्सकडे वळायचं असेल तर चांगले पेपर तुम्ही वाचालच, गाईड तशी यादी हातात देतातच. मी त्यात एक फसलेला पेपर घालायला सांगते. पीटर फॉर्स्टर, लुसी फॉर्स्टर, कॉलिन रेन्फ्रू आणि मायकेल फॉर्स्टर यांचा, करोना विषाणूच्या जीनोमांच्या नेटवर्कवरचा. एप्रिल २०२० मध्ये तो पीएनएएस या जर्नलमध्ये आला, आणि ‘करोनाचे तीन प्रकार’ अशा बातम्या जगभर झळकल्या. पेपर छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. तो उघडून शेजारी ठेवा आणि मग पुढचं वाचा.

लेखकांनी काय केलं? मार्च २०२० च्या सुरुवातीपर्यंत गिसेड या डेटाबेसमध्ये आलेल्या जीनोमांपैकी १६० जवळपास पूर्ण जीनोम घेतले आणि त्यांचं ‘मीडियन-जॉइनिंग नेटवर्क’ काढलं. त्यात तीन मोठे गट दिसले. त्यांना ए, बी, सी अशी नावं दिली. वटवाघळातला आरएटीजी१३ हा विषाणू आउटग्रुप म्हणून जोडला, तो ए गटाला चिकटला, म्हणून ए हा मूळ प्रकार. बी पूर्व आशियात जास्त, ए आणि सी बाहेर. आणि मूळ बी स्वतः न बदलता आशियाबाहेर पसरलेला दिसत नाही, त्यामागे फाउंडर इफेक्ट असेल किंवा बाहेरच्या लोकांच्या प्रतिकारशक्तीचा वा पर्यावरणाचा अडथळा असेल, असं सुचवलं. शिवाय अशा नेटवर्कने संसर्गाचा माग काढता येतो, हा दावा.

आधी पद्धत थोडक्यात. मीडियन-जॉइनिंग १९९९ मधली आहे, आणि ती तयार करणाऱ्या तिघांत पीटर फॉर्स्टर स्वतः होते. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएसारख्या एकाच जातीतल्या, जवळजवळ सारख्या क्रमांसाठी ती खूप वापरली गेली. ती क्रमांमधले फरक मोजते, कमीत कमी बदलांत सगळे जोडते आणि जिथे एकापेक्षा जास्त वाटा शक्य असतात तिथे चौकोनी जाळी काढते. त्यात बदलांचं संभाव्यतेचं मॉडेल नाही, आणि नमुना कोणत्या तारखेला घेतला तेही ती बघत नाही. ही दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. या विषाणूच्या प्रत्येक जीनोमसोबत तारीख मिळत होती. असा डेटा मायटोकॉन्ड्रियावाल्यांना स्वप्नातसुद्धा मिळत नाही, आणि इथे तो बाजूला ठेवला गेला.

आता मुळाचा प्रश्न. इथे जरा थांबू या, कारण पेपरची सगळी इमारत यावर उभी आहे. या विषाणूचा जीनोम साधारण २९,९०० अक्षरांचा. आरएटीजी१३ त्याच्याशी सुमारे ९६ टक्के जुळतो. ऐकायला भारी वाटतं, पण कागदावर गुणाकार करा: अकराशेहून जास्त ठिकाणी फरक! दोघांचे पूर्वज वेगळे झाले त्याला काही दशकं उलटली असावीत, असा अंदाज आहे. उलट ए आणि बी यांच्यात फरक किती? दोन. ८७८२ आणि २८१४४ या दोन जागा. म्हणजे दोन सख्ख्या भावांत थोरला कोण, हे चार पिढ्यांपूर्वी वेगळ्या झालेल्या भाऊबंदांच्या चेहऱ्यावरून ठरवण्यासारखं आहे.

पण लगेच हसू नका. वटवाघळाचा विषाणू त्या दोन्ही जागी ए सारखाच आहे, आणि जवळचे इतर विषाणूही तसेच आहेत. हा पुरावा आहे, तो फेकून देता येत नाही. प्रश्न त्याच्या वजनाचा आहे. बी मूळ मानला तर ए होण्यासाठी ८७८२ या जागी सी चा टी व्हावा लागतो, आणि या विषाणूत सी चा टी होणं हा सगळ्यात जास्त दिसणारा बदल आहे. दुसरीकडे, डिसेंबर २०१९ मधले सर्वांत आधी घेतलेले जीनोम बहुतेक बी गटातले. म्हणजे तारखा एक सांगतात, आउटग्रुप दुसरं. अशा वेळी दोन्ही पुरावे एका मॉडेलमध्ये घालून प्रत्येक मुळाची शक्यता किती, ते आकड्यात द्यायला हवं. पेपरमध्ये मूळ एकच आहे आणि त्याबद्दलची शंका कुठेच आकड्यात उतरत नाही. पुढे २०२२ मध्ये पेकर आणि सहकाऱ्यांनी सायन्समध्ये मांडलं की ए आणि बी हे प्राण्यांतून माणसात आलेले दोन स्वतंत्र प्रवेश असू शकतात. तेही सगळ्यांना मान्य नाही. पण ते खरं असेल तर ‘दोघांत मूळ कोण’ हा प्रश्नच बदलतो.

दुसरा मुद्दा, बी आणि अडथळा. हा मला पेपरचा सगळ्यात कच्चा भाग वाटतो, आणि तो पकडायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. हा विषाणू महिन्याला साधारण दोन बदल जमवतो. वुहानमध्ये डिसेंबरात असलेला बी फेब्रुवारीअखेर युरोपात सापडला, तर तोपर्यंत त्याच्यात चार-पाच बदल होणारच. ‘न बदलता बाहेर पसरला नाही’ याचा अर्थ इतकाच की बाहेर पोचायला वेळ लागला. घड्याळ चाललं, बस. त्यासाठी लोकांच्या प्रतिकारशक्तीचा आधार कशाला? फाउंडर इफेक्टचं नाव लेखकांनीच आधी घेतलंय, तिथेच थांबायला हवं होतं. दोन स्पष्टीकरणं ‘किंवा’ने जोडली की ती तोलामोलाची वाटतात, इथे ती नाहीत. एकाला नेहमीची साथ आणि थोडा योगायोग पुरतो, दुसऱ्याला प्रयोगशाळेतला पुरावा लागतो, आणि तो पेपरमध्ये नाही. बातम्यांत मात्र दुसऱ्याचाच गाजावाजा झाला.

पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं. नंतरच्या पॅंगो नावांतही ए आणि बी म्हणजे हीच विभागणी. अल्फा बी.१.१.७, आपल्याकडच्या दुसऱ्या लाटेतला डेल्टा बी.१.६१७.२, ओमायक्रॉन बी.१.१.५२९. सगळी बीची वंशावळ. ए जवळपास संपला. लेखक म्हणू शकतील की हे सगळे बदललेले बी आहेत. बरोबर आहे. पण मग तो दावा असा होतो की त्याला खोटं ठरवणारा डेटा मिळणंच अवघड, आणि अशा दाव्याकडे रिसर्चमध्ये जास्त संशयाने बघायचं असतं.

नमुन्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण टीकाकारांनी ते भरपूर लिहिलंय. १६० जीनोम म्हणजे जगातून यादृच्छिक उचललेले १६० रुग्ण नव्हेत. ज्या देशात प्रयोगशाळा, किट आणि उत्साह होता तिथून ते आले. वॉशिंग्टन राज्यातल्या एका साखळीतून ए चे जीनोम भराभर अपलोड झाले, की ‘अमेरिकेत ए जास्त’ असं चित्र आपोआप तयार होतं. पाय चार्टचे रंग बघताना हे डोक्यात ठेवा.

संसर्गाचा माग काढण्याच्या दाव्याचं काय झालं, हे मात्र बघायलाच हवं. बव्हेरियात २७ जानेवारीला नोंदलेला जर्मनीतला पहिला रुग्ण इटलीतल्या एका सुरुवातीच्या संसर्गाचा स्रोत असावा, असं या विश्लेषणातून सांगितलं गेलं. चित्रात तसं दिसतंच: इटलीतल्या साथीचा जीनोम बव्हेरियातल्या जीनोमपासून एकाच बदलाच्या अंतरावर आहे. पण महिन्याला दोन बदल, म्हणजे एक बदल पंधरा दिवसांचा. त्या पंधरा दिवसांत चीनमधून आलेली, कोणी सिक्वेन्स न केलेली दुसरी साखळीही त्याच जागी बसू शकते. वोरोबी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्येच सायन्समध्ये साथीची सिम्युलेशन्स चालवून दाखवलं की बव्हेरियाचा उद्रेक बहुधा तिथेच विझला आणि इटलीत विषाणू वेगळ्या वाटेने आला. दोन ठिपक्यांमधली रेघ म्हणजे ‘याने त्याला दिलं’ नव्हे; मधले न मोजलेले शेकडो लोक चित्रात नसतात.

मग पेपरमध्ये चांगलं काय? वेग, आणि खुल्या डेटाचा खुला वापर. आणि सगळे दावे इतके स्पष्ट मांडले आहेत की टीका करणाऱ्याला नेमकं बोट ठेवता येतं. मोघम पेपरवर असं लिहिताच येत नाही, त्याबद्दल लेखकांना मानायला हवं.

त्याच जर्नलमध्ये या पेपरवर आक्षेपाची तीन पत्रं छापून आली. सांचेझ-पाचेको आणि सहकाऱ्यांचं पत्र पद्धतीवरच आहे, माव्हियन आणि सहकाऱ्यांचं नमुने व मुळावर. लेखकांनी उत्तरही दिलं. क्रम असा ठेवा: आधी पेपर, मग आकृती झाकून तुमचे स्वतःचे आक्षेप वहीत, मग पत्रं, मग उत्तर. आणि जमलं तर मार्च २०२० पर्यंतचे जीनोम घेऊन आयक्यू-ट्रीमध्ये झाड काढा. एकदा वटवाघूळ घालून, एकदा वटवाघूळ काढून फक्त तारखांवरून मूळ शोधून. दोन झाडं शेजारी ठेवली की उत्तरातले कोणते मुद्दे टिकतात ते तुम्हाला दिसेल. मला त्यातला मुळाबद्दलचा बचाव अजून पटलेला नाही. तुम्हाला पटला तर का, ते खाली नक्की लिहा.