'कॅरेक्टर स्टडी'तला माणूस कोण?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आज सुरुवात एका बक्षीस मिळालेल्या फोटोपासून करतो. (पडद्यावर छायाचित्र) दिवे घाट, पालखीचा दिवस. आभाळ ढगाळ, त्यामुळे प्रकाश मऊ. एक वयस्कर वारकरी. डोक्याला पागोटं, कपाळावर बुक्का, सुरकुतलेला चेहरा, नजर लांब कुठेतरी. फोटो कृष्णधवल. आमच्या कॅमेरा क्लबच्या मासिक स्पर्धेत याला पहिलं बक्षीस मिळालं. शीर्षक होतं 'श्रद्धा'. फोटो माझाच आहे, त्यामुळे त्याच्यावर टीका करायला कुणाची परवानगी लागणार नाही. (हशा)

बक्षीस घेऊन घरी आलो, तर बायकोने विचारलं, "कोण आहेत हे?" मला सांगता येईना. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. टेलिफोटो लेन्स लावून पंधरा-वीस फुटांवरून काढलेला फोटो, त्यांना कळलंही नव्हतं. बरं, 'श्रद्धा' हे मी ठरवलं. पण माणूस घाट चढून आला होता! त्या चेहऱ्यावर श्रद्धा होती की नुसती दमणूक, हे मला कुठून कळणार? आजचं बोलणं या एका अडचणीबद्दल आहे: क्लबमध्ये आपण पोर्ट्रेट शिकतो म्हणजे नेमकं काय शिकतो?

आधी क्लबचं देणं मान्य करू. मी जे काही शिकलो ते तिथेच शिकलो. प्रकाश बघायला शिकलो. खिडकीजवळ माणसाला बसवायचं, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा, की सावली उजळते. प्रकाश थोडा वरून आणि बाजूने घेतला, की अंधाऱ्या बाजूच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो, त्याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नसेल तर चेहरा निर्जीव दिसतो. आणि एक गैरसमज तिथेच दूर झाला. मला वाटायचं, वाइड लेन्सने नाक मोठं दिसतं. तसं नाही. नाक मोठं दिसतं ते आपण फार जवळ गेल्यामुळे. ८५ मिलिमीटरची लेन्स पोर्ट्रेटला चांगली म्हणतात, कारण चौकटीत चेहरा भरायला तिच्यामुळे आपण चार पावलं मागे राहतो. हे सगळं कुणीतरी खांद्याशी उभं राहून दाखवावं लागतं. ज्येष्ठ सभासदांनी ते फुकट आणि प्रेमाने दाखवलं.

अडचण पुढे सुरू होते, परीक्षणाच्या वेळी. परीक्षकांपुढे शंभरावर फोटो असतात, एकेकाला काही सेकंद मिळतात. इतक्या वेळात ओळखू येणार काय? तर आधीच ओळखीचं असलेलं. सुरकुत्या म्हणजे अनुभव. चिलीम म्हणजे वैराग्य. नाकात मोठी नथ, डोक्यावर पदर म्हणजे संस्कृती. काळी पार्श्वभूमी असली की कलाकृती. मग आपणही तेच आणायला लागतो. संगणकावर क्लॅरिटीचा स्लायडर सरकवला, की साठीचा माणूस ऐंशीचा होतो आणि गुण वाढतात. (हशा) हसा, पण मी हे केलंय. या समोरच्या फोटोतल्या निम्म्या सुरकुत्या त्यांच्या, निम्म्या माझ्या.

या प्रकाराला आपण 'कॅरेक्टर स्टडी' म्हणतो. गंमत बघा, त्यात स्टडी माणसाची होत नाही, प्रकाराची होते. वारकरी, साधू, मेंढपाळ, कोळीण. आणि ही सवय आजची नाही. मुंबईत हौशी छायाचित्रकारांची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक विल्यम जॉन्सन. त्याने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले, 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. त्यात मुंबईतल्या जातीजमाती, एकेका पानावर एकेक गट. कसे केले हे फोटो? माणसांना वेगळं उभं करून टिपलं, आणि मग मुंबईतल्या एखाद्या दृश्यावर त्या आकृत्या जोडल्या. माणूस एकीकडचा, पार्श्वभूमी दुसरीकडची, खाली जातीचं नाव. साहेबाला इथली माणसं मोजायची, वर्गवारी करायची होती, म्हणून ते समजू शकतं. आपल्याला तर काहीच मोजायचं नाही. तरी आपण नजर तीच ठेवली, फक्त जातीच्या नावाच्या जागी भाववाचक नाम घातलं.

आता कुणी म्हणेल, नाव नसणं हा काय गुन्हा झाला? रास्त प्रश्न आहे. जर्मनीतल्या ऑगस्ट सँडरचंच उदाहरण घ्या. १९२९ साली त्याचं साठ छायाचित्रांचं पुस्तक आलं, 'आंटलिट्झ डेर त्साइट', म्हणजे काळाचा चेहरा. नाझींनी ते पुढे जप्त केलं. त्यानेही माणसं व्यवसायाप्रमाणे लावली. त्याचा १९२८ मधला प्रसिद्ध फोटो आहे, शीर्षक नुसतं 'पेस्ट्री करणारा'. (पडद्यावर छायाचित्र) नाव नाही. पण बघा, हा गलेलठ्ठ गृहस्थ आपल्याच स्वयंपाकघरात उभा आहे, अंगात लांब पांढरा कोट, हातात भांडं, आणि सरळ आपल्याकडे बघतोय. कसं उभं राहायचं हे ठरवायला त्याला वेळ मिळाला आहे. खाली काहीही लिहा, तो नुसता 'प्रकार' होत नाही. म्हणजे प्रश्न नावाच्या चिठ्ठीचा नाही. फोटो होतोय हे त्या माणसाला ठाऊक होतं का, आणि त्यात त्याचा काही वाटा होता का, हा प्रश्न आहे.

आता आपल्यासारख्याच एका हौशी बाईंकडे येऊ. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कलकत्त्याचा, १८१५ सालचा. पहिला कॅमेरा हातात आला तो ४८व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने भेट दिलेला. १८६४ मध्ये त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या, म्हणजे त्या काळचा क्लबच म्हणा. तिथले जाणकार म्हणाले, फोकस नीट नाही, काचेवर डाग आहेत, बाईंना तंत्र येत नाही. तंत्राच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. पण १८६७ मधलं हे जॉन हर्शेल यांचं पोर्ट्रेट बघा. मोठे शास्त्रज्ञ. कॅमेरॉनबाईंशी तीस वर्षांची मैत्री, फोटोग्राफीची पहिली माहितीही त्यांच्याकडूनच मिळालेली. बाईंनी त्यांना केस धुवायला लावले, म्हणून ते असे पिंजारलेले. सुरकुत्या इथेही आहेत. पण त्या 'वार्धक्य' नावाच्या कल्पनेच्या नाहीत, हर्शेल यांच्या आहेत.

अर्थात बाईंनाही सूट द्यायला नको. घरात कामाला असलेली मेरी हिलियर त्यांच्या फोटोंत वारंवार येते, आणि ती येते मॅडोना म्हणून. मित्र आला की तो स्वतः म्हणून बसतो, मोलकरीण मात्र प्रतीक होते. आपलंही हेच चालतं ना? ओळखीच्या डॉक्टरांचा फोटो काढला तर खाली डॉक्टरांचं नाव. भाजीवाल्या मावशींचा काढला तर 'कष्ट'.

मग क्लबने करायचं काय? एक साधा प्रयोग सांगतो, आम्ही करून पाहिला. सभासदांच्या जोड्या लावल्या. प्रत्येकाने वीस मिनिटं दुसऱ्याच्या कॅमेऱ्यापुढे बसायचं, पहिली दहा मिनिटं कॅमेरा बंद. माझी पाळी आली तेव्हा हात कुठे ठेवावे तेच कळेना. समोरचा सभासद काही न बोलता सेटिंग बदलत होता, आणि मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय. इतकी वर्षं मी माणसांना याच अवस्थेत ठेवत आलो होतो, हे एका खुर्चीने मला शिकवलं. दुसरी गोष्ट परीक्षणाची. पोर्ट्रेट पडद्यावर आलं की प्रकाश आणि मांडणीच्या आधी छायाचित्रकाराला विचारायचं, "हे कोण? त्यांना हा फोटो दाखवला का? काय म्हणाले?" गुण देऊ नका, नुसतं विचारा. पुढच्या महिन्यातले फोटो आपोआप बदलतात. आमच्याकडे थोडे वाईट आले. प्रकाश चुकला, पार्श्वभूमीला गॅसचं सिलिंडर आलं. (हशा) पण त्यातली माणसं आपण पाहिली जातोय हे जाणून बसली होती.

वाटेत चालणाऱ्या माणसांचे फोटो काढूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. तो वेगळा प्रकार आहे आणि त्याची वेगळी मजा आहे. फक्त त्याला पोर्ट्रेट म्हणून बक्षीस घेऊ नये.

शेवटी पुन्हा हा पहिला फोटो. ते आजोबा कोण, हे मला आता कळणार नाही. फोटो मी फाडलेला नाही, घरात आहे. शीर्षक मात्र बदललंय: 'दिवे घाट, अनोळखी माणूस'. एवढंच मला त्यांच्याबद्दल खरं माहीत आहे.

आता प्रश्न घेऊ.