मांडणीच्या भाषेतील ‘जनक’ आणि ‘अपत्य’
२०१० साली क्यूटी या साधनसंचाच्या ४.७ आवृत्तीबरोबर आलेली क्यूएमएल ही भाषा पडद्यावरील मांडणी जनक-अपत्य या नातेसंज्ञांनी वर्णिते. वाक्याच्या वृक्षाकृतीप्रमाणे येथेही घटकात घटक सामावतो. अपत्याचे स्थान जनकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजले जाते व त्याची कड केवळ जनकाशी वा भावंडाशीच बांधता येते. ही शिस्त प्रशंसनीय होय. तथापि ‘जनक’ या एकाच संज्ञेवर दृश्य समावेश आणि स्वामित्व असे दोन भिन्न संबंध लादले गेले आहेत. घटक दुसऱ्या चौकटीत हलविला तरी स्वामित्व पूर्वीच्याच जनकाकडे राहते. तो जनक नष्ट होताच नव्या चौकटीतील घटकही लोपतो. हा दोष रचनेचा नसून परिभाषेचा आहे. ‘आधार’ व ‘स्वामी’ अशा दोन संज्ञा योजल्यास हा घोटाळा टळेल.