खरचटण्याची भीती आणि गुडघ्यातले रक्त

गोखिवऱ्यात शिक्षकांशी बोलताना एका बाईंनी सांगितले, "आमच्या वर्गात हिमोफिलियाचा मुलगा आहे. खेळाच्या तासाला त्याला बाकावरच बसवतो. खरचटले आणि रक्त थांबलेच नाही, तर परळच्या केईएमला पोचेपर्यंत काय करायचे?"

बाईंची काळजी खरी, पण त्यामागचे विज्ञान अपुरे आहे. दोष त्यांचा नाही. एनसीईआरटीचे बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तकही हेच सांगत आले आहे, की साधे कापले तरी रक्त वाहतच राहते. मग व्हिक्टोरिया राणीच्या घराण्याचा उल्लेख येतो आणि विषय संपतो.

या मांडणीत दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे, बारीक जखम रक्तातल्या बिंबिका बुजवतात आणि त्या या मुलांमध्ये ठीक असतात. कमतरता असते ती फॅक्टर आठ किंवा नऊ या प्रथिनाची. त्यामुळे नेहमीचा धोका खरचटण्यापेक्षा गुडघा, घोटा आणि कोपर यांच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तस्रावाचा असतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पुस्तकातला रुग्ण आनुवंशिकतेचे उदाहरण होऊन राहतो. तो चालतो, धावतो की नाही, हे कळतच नाही. सांध्यात रक्त साचले की मूल पाय वाकवून ठेवते. हालचाल थांबल्याने मांडीचे स्नायू रोडावतात, सांध्याचा आधार जातो आणि साध्या मुरगळण्यानेही पुन्हा रक्तस्राव होतो. मग हालचालीचीच भीती बसते. बाकावर बसवून आपण हेच चक्र फिरवत ठेवतो.

या भीतीला 1990 मध्ये 'किनेसिओफोबिया' हे नाव मिळाले, ते जुनाट दुखण्याच्या, मुख्यतः पाठदुखीच्या अभ्यासातून. त्या रुग्णांची भीती बहुधा अवाजवी असते. हिमोफिलियात मात्र तिच्यात तथ्यही असते. म्हणून "घाबरू नकोस" एवढे म्हणून भागत नाही. कोणती हालचाल चालेल, हे सांगावे लागते. जागतिक हिमोफिलिया महासंघाची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे पोहणे, चालणे, सायकल, बॅडमिंटन यांना पसंती देतात. अंगाला अंग भिडणारे खेळ सहसा टाळायला सांगतात. सांधा गरम लागला, शिवशिवला, तर लगेच थांबून उपचार घ्यायचे.

पुस्तक बदलेल तेव्हा बदलो. तोवर त्या मुलाच्या पालकांना आणि डॉक्टरांना एवढेच विचारू या, की खेळाच्या तासाला याने काय करावे?